कार्डाबरोबरचा माणूस

शिवानीनं आधार कार्ड काचेखालच्या फटीतून आत सरकवलं. गेटवरच्या पहारेकरी दयारामनं ते ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि तिच्या गळ्यात पाहुण्यांचा पास आला. ड्रॉवर असा, की आत पडलेली मुंगीही इमारत बंद होईपर्यंत सुटत नसे.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मान हलवली. "मूळ कार्ड लागेल. आता एकदा, मुलाखत झाल्यावर एकदा. झेरॉक्स चालणार नाही."

शिवानी खाली आली.

"काका, कार्ड द्या."

"पास दे, कार्ड ने."

"पास दिला तर वर कशी जाऊ?"

"ते वरच्यांना इचार."

उरणच्या बंदराजवळच्या त्या इमारतीतून कितीतरी उमेदवार असेच घरी गेले होते. एक तर म्हणे अजून जिन्यातच फिरतोय. पण शिवानी रेवसची. करंजाची होडी चुकली असती, तर खाडी ओंजळीनं उपसून आली असती. त्यात भातवाल्यांची पोर. गिरणीत पोतं टाकून तिच्या घरचं कुणी कधी परतलं नव्हतं. पोतं जिथं, माणूस तिथं.

"मंग कार्ड तुमच्याच हाती ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हीच चला वर."

"आणि गेट?"

"हे जोडीदार हायेत ना. का नुसते चहाला ठेवलेत?"

शेजारचा कुलदीप खोकला आणि सरळ उभा राहिला.

वर दयारामनं कार्ड दाखवलं, पण हातातून सोडलं नाही.

"ठीक. पण यांना थांबता येणार नाही," बाई म्हणाल्या. "इथं फक्त उमेदवार बसतात."

"मग उमेदवार लिहा. नाव दयाराम. मी ओळखते यांना."

"अगं पोरी—"

"बसा हो काका."

मागे रांग वाढत होती. बाईंनी लिहिलं.

बऱ्याच वेळानं शिवानी बाहेर आली. कार्ड पुन्हा तपासून झालं.

"काय इचारलं?"

"गोदामातला माल कुणी कागदाशिवाय मागितला, तर काय कराल?"

"मंग?"

"म्हटलं, सोडणार नाही. फार तर मालाबरोबर मी जाईन."

"हसले?"

"दोघं हसले. तिसऱ्यानं सोमवारी यायला सांगितलं."

तेवढ्यात दार उघडलं. "दयाराम कोण?"

दयारामनं लिफ्टकडे पाहिलं, मग दाराकडे. शिवानीनं वाटेतले पाय मागे घेतले. त्यानं टोपी काढली, बोटांनी केस बसवले.

"वरचं बटण लावू," त्यानं हळूच विचारलं, "का उघडंच बरं दिसतं?"