न रडणारे पाळणे

आयजमालचे बाळ रडत नसे. पहाटेची नमाज झाली की सासू-सुना जमिनीवर ताणलेल्या मागापाशी बसत आणि लहानगा मेरदान पाळण्यात डोळे मिटून पडून राही. त्या तुर्कमेन गावात घरोघरी गालिच्याचा माग होता, प्रत्येक मागाशेजारी पाळणा होता. पण दिवसभर कानी पडे तो गाठी ठोकून बसवणाऱ्या लोखंडी दात्यांच्या पंजांचाच आवाज.

बाळंतपणात आयजमालने सासूचे पाय धरले होते. माझ्या बाळाला अफू चाटवू नका, एवढेच मागितले होते. सासू ओगुलबीबी नुसती हसली होती. शेजारणी म्हणत, "काय गं, कुठल्या पिराला नवस केला होतास? अफूवाचून इतकं शहाणं पोर!" अल्लाहची कृपा, असे म्हणून आयजमाल मान खाली घाली, मनातून मात्र सुखावे.

ईदला ती माहेरी गेली. संध्याकाळी मेरदानच्या नाकाला धार लागली, अंगाला कापरे भरले. छातीशी घेतले तर तोंड लावीना. धनुष्यासारखा ताठ होऊन किंचाळू लागला. तिने बडीशेपेचे पाणी पाजले, दुवा म्हणून फुंकर घातली. चुलीपाशी बसलेली आई अखेर म्हणाली,

"पोरी, हे दुखणं नाही. हा मागतोय. सासूबाई तुझ्या नकळत अफूचं बोट चाटवत असणार."

आईने ओढणीची गाठ सोडली. करंगळीच्या नखावर काळा ठिपका होता. "एवढंच दे. निजेल. तूही अशीच शहाणी होतीस."

आयजमाल त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. तिच्या पाठचा भाऊ एका सकाळी पाळण्यातून उठलाच नव्हता. अल्लाहने नेला, म्हणून सगळे रडले होते.

"आई, त्यालाही एवढंच दिलं होतंस?"

आईने करंगळी मुठीत मिटून घेतली.

आयजमालने बाळाला ओढणीत गुंडाळले आणि थोरल्या भावाला मोटारसायकल काढायला लावून तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाळाला ठेवून घेतले. ते वाचले, पण सासरी आले ते हाडांची मोळी होऊन, आणि किरकिरत.

ओगुलबीबी गुडघे चोळत मागापाशी बसली होती. तिच्या स्वतःच्या जिभेखालीही सकाळची अफूची गोळी होतीच.

"तुझे हात मोकळे राहावेत म्हणून दिली गं, सूनबाई. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं. आता गालिचा कधी व्हायचा?"

"होईल तेव्हा होईल."

"आणि हा असाच रडला तर?"

"रडू दे, सासूबाई. जितं पोर रडतंच."

तिने मेरदानला पाठीशी बांधले आणि पहिली गाठ घातली. तो टाहो फोडून रडला. आवाज भिंत ओलांडून गल्लीत गेला. शेजारचा पंजा थांबला, मग पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा.

एकेक बाई उठून आपापल्या पाळण्यावर वाकली. आत फार शांतता होती.