धुतलेल्या पिशव्या

पोलिसांनी पिशवी परत दिली. साहेब म्हणाले, "तपासून आली. गांजा नाही, चरस नाही, अफू नाही. कायद्याच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याचा गुन्हा कसा लिहू? आणि ही घरी नेऊ नका."

मग कुठं नेऊ, ते त्यांनी सांगितलं नाही.

पावसाळ्यात आमच्या सातपाटीत होड्या वर ओढलेल्या असतात. वाळवलेल्या जवळ्यावर, त्या बारीक कोळंबीवर, घर चालतं. त्याला दमट हवा लागू नये म्हणून बायका बोईसरच्या भंगारवाल्याकडून कारखान्यातल्या जाड पिशव्या आणतात. आत काय होतं, कुणी विचारत नाही. समुद्राच्या पाण्यात घासायच्या, उन्हात टाकायच्या. खाऱ्या पाण्यानं सगळं निघतं, असं आमच्यात म्हणतात. ब्याण्णव साली माझ्या बायकोनं, हंसानं, अशा दोन पिशव्या आणल्या. एक आम्हाला, एक माझ्या वहिनीला, गोदूबाईला. दोघींनी धुवून त्यांत आपापला जवळा भरला.

मी पालघरला जाळ्याचं सूत आणायला गेलो होतो. हंसानं पिशवी उघडून जवळा परतला आणि एकटीच जेवली. मी आलो तेव्हा ती भिंत धरून बसली होती. डोळे लाल.

"अवो, भिंत पुढं येते. छातीत इंजिन चालू हाय माझ्या, बंद करा ना."

मग झटके आले. जीपमध्येच गेली. डॉक्टरांनी विचारलं, गांजा ओढत होत्या का? मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. तपासणीत गांजा निघाला नाही.

सरावलीचा बळवंत हंसाचं नेहमीचं गिऱ्हाईक. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. भेटायला आला, तेव्हा पिशवीच्या शिवणीतली पांढरी भुकटी बघून त्यानं दार लोटून घेतलं.

"काका, हे आमच्याकडं बनतं. परदेशी प्रयोगाला जातं म्हणतात. गांजा डोक्यात जिथं बसतो, तिथंच हे बसतं. गांजा ती जागा अर्धी चालू करतो, हे पूर्ण करतं. झाडाचं नाही, म्हणून गांजाच्या तपासणीत सापडत नाही."

"पण तिनं धुतली होती रे."

"पाण्यात विरघळत नाही, काका. तेलात विरघळतं. मासळीत तेल असतं."

ती पिशवी मी पोलिसांत दिली होती. परत मिळाली, तसा पोलीस ठाण्यातून ती काखेत धरून थेट वहिनीकडं गेलो. तिची लेक बायडी बाळंतपणाला आली होती. सातवा महिना.

"वहिनी, हंसानं दिलेली पिशवी उघडू नका."

"उद्याच काढनार हाय. बायडीला जवळा खायचे डोहाळे लागलेत."

"हंसा त्यानंच गेली."

"पोलीस काय बोलले?"

मला खोटं बोलता आलं नाही. "यादीत नाय, बोलले."

"मग झालं! विष असतं तर सरकारनं बंद केलं नसतं? दारूला सुद्धा पकडतात मेले. भावजी, दुःखानं डोकं फिरलंय तुमचं. उद्या जेवायलाच या."

मी होडीवर गेलो. डिझेलचा डबा घेऊन आलो. वहिनीची पिशवी फाडून सगळा जवळा ओट्यावर ओतला आणि त्यावर डबा उपडा केला.

"मुडद्या! पावसाळ्याची बेगमी माझी!" वहिनी मला पाठीत मारत होती. "बायकोच्या मागं जायचंय तर एकटा जा!"

बायडी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. डबा पार रिकामा होईपर्यंत मी हललो नाही.

पावसानं उघडीप दिली होती. हात धुवायला किनाऱ्यावर गेलो. भंगारवाल्याचा टेम्पो नुकताच येऊन गेला होता. बोंबील वाळवायच्या बांबूंवर ओळीनं पिशव्या टाकल्या होत्या, तशाच जाड, त्याच शिक्क्याच्या. गुडघाभर पाण्यात शेजारची तानी आणखी घासत होती. माझ्या काखेतली पिशवी तिनं बघितली.

"काका, हंसाकाकीची हाय ना? तुमाला काय करायची आता? आना इकडं, धुवून घेते."