वरून येणारा आवाज

हिरामणनं संत्र्यांचं कॅरेट पायानं सरकवलं आणि मुकादम मनोहरला विचारलं, आज तरी झाडावर चढू द्यायचं का. मनोहर नकारार्थी मान हलवून पुढच्या झाडाकडे गेला. तीस वर्षं लोधीखेड्याच्या बागांतून शेंड्यावरचा माल तोडणारा हा गडी आता बायांच्या ओळीत बसून फळं निवडत होता. जीव नुसता तगमगत होता.

चूक त्याचीच होती. बीपीची गोळी तो फवारणीच्या न्यायानं घ्यायचा. कीड दिसली की औषध, एरवी कशाला वाया घालवायचं? ज्या दिवशी चढायचं त्याच दिवशी गोळी. एकदा चुकलेल्या भरून काढायला दोन गिळल्या, फांदीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो लोंबकळत खाली आला. तेव्हापासून महिनाभर रोज गोळी अन् अळणी वरण. काल गावातल्या आशा सेविका करुणानं दंडाला पट्टा बांधून पाहिलं, तर प्रेशर ताब्यात. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, आता बरं वाटते ना?

"बीपी बरा हाय, बाई. मी नाही," तो म्हणाला होता.

दुपारी तो पुन्हा मनोहरच्या मागे लागला, तेव्हा मनोहरनं सांगून टाकलं, "माह्यावर काहून चिडून राहिले, हिरामणभाऊ? चंद्रकला वहिनीनंच मले हात जोडले."

हिरामण तडक ओळीत बसलेल्या बायकोपुढे जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली नाही.

"हाव, मीच सांगतलं. तुमी वर असले का मले खाली पाहता येत नाही. सडकं कोणतं, चांगलं कोणतं, काई समजत नाही."

त्याचा राग तिथंच विरला. महिनाभर सगळ्यांनी त्याला बरं वाटतं का म्हणून विचारलं होतं, तिला कोणीच नाही. त्यानंही नाही. त्याला लाज वाटली.

"मंग मी वरून बोलत राहीन," तो म्हणाला. "आवाज आला का समजजो, ठीक हाय."

खालच्याच फांद्या, एवढी अट घालून तिनं मनोहरला होकार दिला.

हिरामण तसा मुखदुर्बळ माणूस. पण त्या दुपारी तो थांबेचना. सौंसरचा बाजार झाला, दादारावची म्हैस झाली, जावयाची मोटारसायकल झाली. विषय संपले तेव्हा तोडलेली संत्री मोठ्यानं मोजायला लागला. मधेच एका दाट घोसाशी हात अडला आणि तो गप्प झाला.

खाली चंद्रकलाचे हात थांबले.

"अवो?"

"हाय," वरून आवाज आला. "एकशे चौदा."