फळ्याचा डावा अर्धा

निसर्गाच्या रौद्र शक्तीपुढे माणूस म्हणजे पालापाचोळा. त्याची राज्ये, त्याची शास्त्रे, त्याचा ताठा, सारे एका वादळात मातीला मिळते. आमच्याकडे मात्र निसर्गाला फार कष्ट पडले नाहीत. तो पोचेपर्यंत दोघा भावांनी बरेचसे काम उरकून ठेवले होते.

आमचे हवामान केंद्र म्हणजे एक खोली, मागे तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचे भांडे आणि चार पायांवर उभी झडपांची पांढरी पेटी. पेटीत तापमापके. या सगळ्याला मिळून एक निरीक्षक. रोज सकाळी ठीक साडेआठला तो पेटी उघडून आकडे टिपतो, म्हणून सगळे त्याला ‘साडेआठ’ म्हणतात. बायकोसुद्धा.

फाटकाशी मोठा फळा आहे. वरच्या कार्यालयातून फोनवर अंदाज येतो, तो साडेआठ खडूने उतरवून घेतो. फळ्याच्या मधोमध रंगाची उभी रेघ आहे. डावीकडे ‘शेतकऱ्यांसाठी’, उजवीकडे ‘बागवाल्यांसाठी’. वरच्या कार्यालयात शेतीचे एक आणि बागांचे एक अशी दोन टेबले आहेत, म्हणून खाली फळ्याचे दोन अर्धे. आभाळ एकच आहे, पण त्याला कोण विचारतो.

थोरला भाऊ कांदा पिकवतो. धाकटा कुंपणापलीकडे फुलझाडांची रोपवाटिका चालवतो. नऊ वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा जमीन वाटली, विहिरीचे तास वाटले, आणि कोणी न सांगता फळाही वाटला गेला. थोरला डावा अर्धा वाचायचा आणि मान वळवायचा. उजवीकडे बघणे म्हणजे धाकट्याच्या ताटात बघणे.

त्या सोमवारी दोन्ही अर्ध्यांवर कोरडे हवामान होते. डावीकडे लिहिले होते : ‘तीन दिवस पाऊस नाही. काढलेला कांदा रानातच सुकवावा.’ उजवीकडे : ‘तीन दिवस पाऊस नाही. कुंड्यांना दोन वेळा पाणी द्यावे.’

“दोन वेळा,” धाकटा मोठ्याने म्हणाला. “ऐकलं का दादा? आता पाणी तुझ्या रानात झिरपलं तर फळ्याला विचार.”

थोरल्याचा दीड एकर कांदा रानात पसरलेला होता. वर्षाची सगळी कमाई उघड्यावर, आणि त्यात रोज संध्याकाळी धाकट्याच्या पाण्याचा ओघळ शिरत होता. बोलणे थोरल्याला फारसे जमत नसे. त्याने फळ्याखालच्या फळीवरचे डस्टर उचलले आणि फेकले. डस्टर लाकडी पाठीचे होते. धाकट्याची भुवई फुटली, तीन टाके पडले. जाताना त्याने ते डस्टर खिशात घातले.

“पुरावा,” तो म्हणाला.

“अहो, ते सरकारी आहे,” साडेआठ म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. त्याला याची सवय होती.

मंगळवारी सकाळी नऊला फोन आला. अंदाज बदलला होता : दुपारी वादळ आणि मोठ्या गारा, सगळे झाकून घ्या. साडेआठ धावत फळ्याशी आला. डस्टर नाही. त्याने रुमाल काढून उजवा अर्धा पुसला. रुमाल पांढराफटक झाला. डाव्या अर्ध्यावर फिरवला तर अक्षरे जिथल्या तिथे, उलट थोडी उजळली. त्याने उजवीकडे ठळक लिहिले : ‘आज दुपारी गारा. सर्व काही आडोशाला घ्या.’ डावीकडे तसेच राहिले : ‘तीन दिवस पाऊस नाही.’

ओले फडके घरून आणावे, असे त्याच्या मनात आले. मग आले, कशाला? एवढे ठळक लिहिले आहे. एका फळ्याचा अर्धाच भाग वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

तो जन्माला येऊन त्रेपन्न वर्षे झाली होती आणि दहा वाजता फाटकाशी आला. त्याने डावा अर्धा वाचला, मान वळवली आणि घरी गेला. कोठीत दोन मोठ्या ताडपत्र्या घडी करून ठेवलेल्या होत्या. त्यांवर मांजर झोपले होते. त्याने मांजराला उठवले नाही.

बाराला धाकटा आणि त्याचे मजूर कुंड्या उचलून पत्र्याखाली नेऊ लागले.

“अहो,” थोरल्याची बायको म्हणाली, “भावजी कुंड्या आत घेतायत.”

“घेऊ दे.”

“सगळ्या घेतायत. जाळीसुद्धा गुंडाळली.”

“नाटक आहे. मी ताडपत्री काढतो का बघतोय. काढली की आठवडाभर हसत बसेल.”

“आणि खरंच आलं तर?”

“मी वाचून आलोय,” थोरला म्हणाला.

धाकटा कुंपणाशी आला. कपाळावर पट्टी, हातात जास्वंदीची कुंडी. “दादा, गारा येणारेत. झाक की.”

“तुझ्या बापाला शिकव.”

“तो तुझाही होता.”

या मुद्द्यावर थोरल्याने कांदा फेकून मारला. तो पट्टीवर बसला आणि टाके उसवले. धाकट्याने कुंडी फेकली. ती थोरल्याच्या खांद्यावर फुटली. मग थोरल्याने फावडे घेतले, धाकट्याने कुंपणाचा खांब उपटला, आणि नऊ वर्षे सांभाळलेले कुंपण दोघांनी मिळून अर्ध्या मिनिटात आडवे केले. एकत्र केलेले त्यांचे हे बऱ्याच काळातले पहिले काम. फावड्याचा दांडा धाकट्याच्या बरगडीत बसला, खांब थोरल्याच्या गुडघ्यावर. दोघे कांद्यात कोसळले आणि एकमेकांचे गळे धरून लोळू लागले.

“भावजी, त्यांचा गुडघा सोडा,” बायको ओरडली. “अहो, तुम्ही त्यांचा कान सोडा आधी.”

तेवढ्यात उजेड गेला. पहिली गार पत्र्यावर बंदुकीसारखी वाजली. दुसरी थोरल्याच्या पाठीत बसली. त्याला वाटले धाकट्याचीच, म्हणून त्याने त्याचे बोट चावले. मग लिंबाएवढ्या गारा सरळ खाली ओतल्या गेल्या. कांदे फुटत होते, उडत होते, चिखलात रुतत होते. एक कुत्रा केकाटत गेला आणि मध्येच गप्प झाला. बायको एक ताडपत्री ओढत आली, तर वाऱ्याने तिला ताडपत्रीसकट बांधावर आपटले. दोघे भाऊ तिला धरून कोठीत घुसले. तिचे मनगट मोडले होते.

अठरा मिनिटांनी सगळे थांबले. रान पांढरे झाले होते. कांद्याचा वास एवढा की तिघांच्याही डोळ्यांत पाणी आले, त्यामुळे कोण रडतोय ते कळायला मार्ग नव्हता. मार लागलेला कांदा टिकत नाही, हे तिघांनाही माहीत होते.

थोरला उठला, फावडे घेतले आणि लंगडत निघाला.

हवामान केंद्रामागच्या तारेच्या कुंपणात साडेआठ गारांचा व्यास मोजत होता. पहिला घाव पेटीवर बसला. झडपा उडाल्या, तापमापके फुटली. दुसरा साडेआठच्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज फाटकाबाहेर ऐकू गेला. तिसऱ्या घावाला धाकट्याने मागून येऊन फावडे धरले.

“सोड. याने मला बुडवलं,” थोरला म्हणाला. “कोरडं लिहिलं होतं याने.”

“कालचं होतं ते,” साडेआठ चिखलातून म्हणाला. “पुसायला डस्टर नव्हतं.”

“उजवीकडे लिहिलं होतं ना, दादा,” धाकटा म्हणाला. “हातभर अक्षरात. मी तिथेच वाचलं.”

थोरला फावडे ओढत फाटकाशी गेला, धाकटा मागोमाग, आणि त्याने फळ्याकडे पाहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याची मान रेघ ओलांडून उजवीकडे गेली. गारांनी फळ्याच्या कडा उडाल्या होत्या, पण वरच्या छपरीमुळे खडू धुतला गेला नव्हता आणि दोन्ही अर्धे वाचता येत होते. तो बराच वेळ वाचत राहिला. एवढ्या मजकुराला एवढा वेळ लागत नाही.

“डस्टर कुठे गेलं?” त्याने शेवटी विचारले. त्याला ते आठवत होते.

धाकट्याने खिशातून डस्टर काढून त्याच्या हातात दिले. लाकडावर रक्त वाळले होते. फावडे खाली पडले.

आत फोन वाजला. साडेआठ मोडका हात पोटाशी धरून उठला, आत गेला आणि थोड्या वेळाने ओठांत खडू धरून बाहेर आला. खडू त्याने चांगल्या हातात घेतला.

“उद्याचं आलंय,” तो थोरल्याला म्हणाला. “तुमच्या बाजूचं जरा तुम्हीच पुसता का? माझा हात वर जात नाहीये.”