दोन जावा आणि एक स्क्रू

रोपवाटिकेची जुनी व्हॅन रस्त्याला लागली की शहाण्यासारखी धावायची, आणि थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. सिग्नलला मागच्या कुंड्या एकमेकींवर डोकी आपटत. सकाळच्या खेपा थोरल्या जावेच्या, संध्याकाळच्या धाकटीच्या. नवरे दोघेही रोपवाटिकेच्या वाटेला जात नसत, कारण तिथे दोन जावांचं एकमत फक्त नवऱ्यांना कामाला लावण्यावर व्हायचं.

शेवटी थोरलीने व्हॅन विकायला काढली. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. धाकटीचा सकाळपासून मनाशी एकच हिशोब चालला होता. व्हॅन गेली की खेपा बंद, खेपा बंद झाल्या की रोपवाटिका बंद, मग थोरली तिच्या घरी आणि आपण आपल्या घरी, भिंतींशी भांडत. हे तोंडाने सांगेल तर ती धाकटी कसली. तिने सरळ बॉनेट उघडलं.

प्लग मेकॅनिकने बदलले होते, हवेचा फिल्टरही साफ केला होता. धाकटीने इंजिन चालू ठेवून कान लावला. खडखडाटाच्या आड कुठेतरी बारीक सुस्कारा ऐकू येत होता. मग तिने पानांवर पाणी मारायची फवारणीची बाटली आणली आणि प्लगच्या वायरी सांभाळून एकेका रबरी नळीवर फवारा मारत गेली. कार्बोरेटरखालच्या नळीवर पाणी पडलं आणि सुस्कारा थांबला. इंजिन क्षणभर शांत झालं, पुन्हा थरथरू लागलं. नळीचं टोक चिरलं होतं. तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं.

धाकटीला इतका आनंद झाला की ती बाटली हातात घेऊन एकटीच हसली. तिने इंजिन बंद केलं, चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी घट्ट बसवली, क्लिप आवळली आणि पुन्हा चावी फिरवली. थरथर गेली, पण इंजिन जागच्या जागी असं बोंबलायला लागलं की आवाज ऐकून थोरली माती भरल्या हातांनी धावत आली.

धाकटीने कार्बोरेटरवरचा छोटा स्क्रू पाहिला. त्यानेच इंजिनाचा जागेवरचा वेग कमी-जास्त होतो, आणि तो नको तेवढा आवळलेला होता.

"हा कुणी आवळला?" तिने विचारलं.

थोरलीने पदराला हात पुसले. गाडी बंद पडू नये म्हणून आपणच रोज सकाळी थोडा आवळत होतो, असं तिने कबूल केलं. "पण दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा सैल. मला वाटलं, गाडीच म्हातारी झाली."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, सैल मी करायचे. संध्याकाळी फार आवाज करायची म्हणून."

मग थोरलीला हसू फुटलं आणि ती हसता हसता पायरीवरच बसली. धाकटीने डोळे पुसत स्क्रू हळूहळू सैल केला, थोरली "अजून, अजून, बास" म्हणत गेली, आणि व्हॅन पोट भरलेल्या मांजरीसारखी गुरगुरायला लागली.

थोरलीचं हसू मात्र अचानक ओसरलं. "तू रोज संध्याकाळी वैतागून यायचीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझ्यासोबत काम करायचा कंटाळा आलाय. म्हणून विकायला काढली."

"तुमचा कंटाळा मला रोज येतो, ताई," धाकटी म्हणाली. "म्हणून काय येणं सोडलंय मी?"

एवढ्यात गिऱ्हाईक फाटकातून आत आलं. इंजिनाचा आवाज ऐकून त्याची कळी खुलली. गाडी छानच आहे म्हणाला. थोरलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गाडी विकायची नाही असं सांगितलं आणि एवढ्या लांब आलाच आहात तर रोपं तरी बघा म्हणाली. धाकटीने तोवर त्याच्या हातात दोन कुंड्या दिल्यासुद्धा होत्या. तो निघाला तेव्हा रोपं त्याच्या दोन हातांत मावेनात, म्हणून दोघी जावा त्याला व्हॅनमधून घरापर्यंत सोडून आल्या.