बिस्किटच्या कानामागची गाठ

माझी मुलगी एल्स्पेथ मेंढीची बीजांडं काचेच्या बशीत पिकवते, हे मी गोर गावच्या मेंढीबाजारात इतक्या जणांना ऐकवलंय की आता मला पाहून लोक वाट बदलतात. बदलू देत. आमच्या वाइकाया खोऱ्यात मेंढ्या सगळ्यांकडे आहेत. मेंढीच्या पोटात काय चालतं ते सूक्ष्मदर्शकातून बघणारी पोर फक्त माझ्याकडे आहे.

तिचं काम तसं सांगायला सोपं. कत्तलखान्यात मेंढ्या कापल्या की त्यांची अंडाशयं कोमट खारट पाण्यात ठेवून डनीडिन शहरातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यायची. त्यासाठी तिने माझा चहाचा थर्मास पळवला, तो मी परत मागितलेला नाही. मग कच्ची बीजांडं काढून बशीत उबेला ठेवायची. बीजांडाभोवती बारीक पेशींचं दाट आवरण असतं, ते बीजांड पिकताना पिंजलेल्या लोकरीसारखं मोकळं होतं. शरीरात रोग शिरला की काही प्रथिनं धोक्याचा निरोप घेऊन धावतात. त्यांतलंच एक प्रथिन बीजांडालाही पिकायला सांगतं, असं एल्स्पेथचं म्हणणं. मला ते पटेना. रोगाची बोंब मारणाऱ्याचं बाळंतिणीच्या खोलीत काय काम?

"डॅड, चोर आला की आपला टग भुंकतो ना? आणि मेंढी व्यायला अडली तरी भुंकतोच. कुत्रा तोच, भुंकणं तेच. ऐकणारा कोण, त्यावर सगळं," ती म्हणाली.

मग पटलं. कुत्र्याचं उदाहरण दिलं की मला काहीही पटतं.

हे सिद्ध करायला दोन बश्या हव्या होत्या, एकीत ते प्रथिन घातलेलं, दुसरीत नाही. दोन्हींत बीजांडांच्या पोषणाला मेंढीच्या रक्तातलं थोडं सीरम लागतं. ते कंपनीच्या बाटलीत मिळतं, पण एल्स्पेथ म्हणाली, बाहेरचं कशाला, आपल्या बिस्किटचं घेऊ. बिस्किट म्हणजे तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं, आई मेलेलं कोकरू, आता चांगली थोराड मेंढी झालेली. आपल्या कळपातलं रक्त विद्यापीठात जाणार म्हणून माझी छाती फुगली. पोरं घरी आली की साठवलेली सगळी कामं उरकून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. त्याप्रमाणे शनिवारी आम्ही दोघांनी कळपाची कामं केली आणि रविवारी मी बिस्किटला धरलं, तिने रक्त काढलं.

आणि दोन्ही बश्यांतली बीजांडं सारखीच पिकली. प्रथिन घातलेली आणि न घातलेली, डावंउजवं करायला जागाच नाही. तिच्या मार्गदर्शक लोसा, सामोआच्या, बोलायला मऊ पण हिशेबाला कडक. त्यांनी सरळ सांगितलं, की न घालताही पिकत असेल तर तुझं प्रथिन काहीच करत नाही. हिवाळ्यात कत्तलखाना बंद होतो आणि अंडाशयं मिळेनाशी होतात. एल्स्पेथच्या संशोधनाची मुदतही त्याच हिवाळ्यात संपत होती. हातात फार तर एक खेप उरली होती, आणि त्यानंतर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

ती घरी आली ती तोंड शिवून. मी तिच्या सूक्ष्मदर्शकाला नावं ठेवली, लोसांना ठेवली. ती गोठ्यामागच्या कुंपणाशी जाऊन बिस्किटचा कान खाजवत उभी राहिली. खाजवता खाजवता हात थांबला.

"डॅड, हिच्या कानामागे गाठ कसली?"

"लसीची. येते काहींना, तुला काय नवीन आहे?"

"लस कधी दिली?"

मी तिच्याकडे बघितलं. "त्याच शनिवारी की. नर सोडायच्या आधी सगळ्या कळपाला दिली, आणि टोचत तूच होतीस."

ती कुंपणाला टेकून खाली बसली. म्हणाली, लस टोचली की शरीराला वाटतं रोग आला, आणि निरोपाची प्रथिनं रक्तात धावतात. दुसऱ्या दिवशी आपण ते रक्त काढलं. म्हणजे ज्या बशीत प्रथिन नाही असं मी समजत होते, तिच्यात बिस्किटने ते आधीच घातलेलं असणार.

मी माझा शहाणपणा पाजळला. कंपनीची बाटली घे, प्रयोग नव्याने कर आणि पहिल्याबद्दल मूग गिळून बस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकून पदवी मिळेल, डॅड. पण उद्या दुसरं कुणी असंच घरच्या मेंढीचं रक्त घेईल आणि याच खड्ड्यात पडेल."

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणत मी उठलो. त्या दिवशी जेवताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही, चीज रोलसुद्धा मागून घेतले नाहीत.

शेवटच्या खेपेला तिने बश्या वाढवल्या. बाटलीतलं सीरम नुसतं घातलं, तिथे बहुतेक बीजांडं कच्ची राहिली. त्यात प्रथिन घातलं, तर पिकली. बिस्किटचं ठेवणीतलं सीरम नुसतं घातलं, तरी पिकली. आणि बिस्किटच्या सीरमसोबत त्या प्रथिनाचं तोंड बांधणारं औषध घातलं, तर पुन्हा कच्ची. आमच्या बिस्किटने साक्ष दिली होती.

विद्यापीठात तिचं भाषण झालं त्या दिवशी मी अंत्यविधीला आणि मेंढ्यांच्या लिलावाला घालतो तो कोट चढवून मागे बसलो. भाषण झकास झालं. मग पुढच्या रांगेतले एक टकले गृहस्थ उठले. म्हणाले, पहिल्या वेळी दोन्ही बश्या सारख्या आल्या होत्या असं कानावर आलंय, त्याचं काय?  सीरम खराब निघालं, एवढं म्हणाली असती तरी विषय मिटला असता.

"चूक माझी होती," एल्स्पेथ म्हणाली. "ज्या मेंढीचं सीरम घेतलं तिला आदल्या दिवशी लस दिली होती, आणि ती मीच टोचली होती." आणि तिने शेवटी दाखवायला ठेवलेला बिस्किटचा फोटो पडद्यावर लावला, गाठीसकट.

कुणी हसलं नाही. टकल्या गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेच्या मेंढ्यांनाही गेल्याच आठवड्यात लस दिलीय. आम्हाला आमचं सीरम तपासायला हवं." लोसांनी मान वळवून मला शोधलं आणि नुसती होकाराची मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते. गप्प राहा असं सांगणारा मी तिचा बाप होतो, आणि तिने माझं ऐकलं नाही याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटत होता.

बाजारात लोक अजूनही वाट बदलतात. पण जो थांबतो त्याला मी शोधाचं नंतर सांगतो. आधी सांगतो, की भरल्या सभेत माझी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी होती.