कवळ्यांच्या कारखान्यातला एप्रिल

जगातला पहिला मोबाइल कॉल लागला म्हणून कोणी एक मिनिट स्तब्ध उभं राहिलं असेल, तर ते आम्हीच. तीन एप्रिलला सकाळी, कवळ्यांच्या शेल्फासमोर, बोटांना मेण आणि ॲप्रनला प्लास्टर लागलेलं असताना. फोनवालीने भाबडेपणाने विचारलं की यात मेलं कोण. भाओजी म्हणाले, शांतता मेली, उभी राहा.

भाओजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, या कारखान्याचे मालक. कारखाना आपलं म्हणायचं, आहे तीन खोल्यांचा गाळा. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या करून देतो. दातकाका मेणात दात बसवतात, फोनवाली डॉक्टरांची बोलणी खाते आणि मी पॉलिश करते. मागच्या खोलीत ताई प्लास्टर कालवायची. गेल्या वर्षी एकोणीस एप्रिलला ती त्याच खोलीत कोसळली आणि गेली. आता ते काम भाओजी आमच्या आधी येऊन उरकतात आणि खोलीचं दार दिवसभर लावलेलं असतं.

तारखांचं वेड त्यांना पहिल्यापासूनच. ताई होती तेव्हा चहाचा कप हातात आला की ते सुरू व्हायचे, आज अमक्या राजाला मारलं, आज तमका पूल पडला. ताई म्हणायची, आमच्या लग्नाची तारीख सोडून ह्यांना सगळं पाठ आहे. पण तेव्हा नुसतं ऐकायला लागायचं, उभं राहायला लागत नव्हतं. ते खूळ या वर्षीचं, आणि ते निघालं वीज गेल्यामुळे.

एक एप्रिलला भर सकाळी वीज गेली. माझी पॉलिशची मोटार थांबली, कॉम्प्रेसर थांबला. आमच्याकडे दिवसभर इतकी घरघर असते की ती बंद पडली की कान रिकामे झाल्यासारखे वाटतात. त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला. टप, टप. जरा थांबून पुन्हा एकदा, टप.

प्लास्टर कालवलं की वाडगा टेबलावर ठोकायचा असतो, म्हणजे बुडबुडे वर येऊन फुटतात. एखादा राहिला तर कवळीवर पुटकुळी येते आणि घालणाऱ्याची हिरडी सोलते. ठोकतात सगळेच. पण दोनदा ठोकून, आत वाकून बघून, मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा ठोकणारी एकच बाई मला माहीत होती. दातकाकांच्या चिमट्यातला दात खाली पडला. तेवढ्यात वीज आली आणि आम्ही सगळे मूग गिळून कामाला लागलो. दार उघडून बघायला कोणी गेलं नाही. मी तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी भाओजींनी दहाच्या सुमारास मेन स्विच खाली ओढला आणि जाहीर केलं की आजपासून या कारखान्यात इतिहासाला मान दिला जाईल. दोन तारखेला कुठल्याशा बेटांवर लढाई सुरू झाली होती, तिला आम्ही मान दिला. तीनला मोबाइल. सहाला पहिलं आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं होतं. दातकाकांचे गुडघे आधीच कुरकुरतात, ते पुटपुटले की पळणारे पळाले, आपण का उभं राहायचं. बाराला पहिला माणूस अंतराळात गेला. तो धडधाकट परत आला होता, हे फोनवालीने लक्षात आणून दिलं. भाओजी म्हणाले, परत आलेल्यांचाही मान राखावा. पंधरा तारखेला मोठं जहाज बुडालं तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं. निदान त्यात कोणीतरी खरोखर मेलं होतं.

आणि रोज, स्विच पडला की थोड्या वेळाने, टप, टप. टप.  समोर शेल्फावर कवळ्या हसत असायच्या. त्यांना दुसरं काही येतच नाही. जहाजाच्या दिवशी तर वाडगा खरवडल्याचासुद्धा आवाज आला. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. एकदा चोरून बघितलं तर भाओजी मान किंचित तिरकी करून उभे होते, आणि मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. मिनिट रोज वाढत चाललं होतं. मला भीती वाटायची आणि सकाळपासून दहा वाजायची वाटही मीच बघायचे, हे कोणाला सांगणार?

अठराला भूकंपासाठी उभे राहिलो. त्या संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. जहाजं झाली, भूकंप झाले, मेला मोबाइल झाला. भाओजी बेसिनपाशी हात धूत होते, तिथे जाऊन मी म्हटलं, "उद्या ताईसाठी उभे राहू."

"उद्या काही नाही," ते म्हणाले. "उद्याच्या तारखेला काही घडलेलं नाही."

मी म्हटलं, जगातलं पहिलं अंतराळ स्थानक उद्याच्याच तारखेला वर गेलं, हे तुम्हीच आम्हाला दरवर्षी ऐकवता. मी दाताच्या कण्या केल्या, मग आवाज चढवला, मग रडले. ते नखांतलं प्लास्टर काढत राहिले. रात्रभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. साऱ्या जगाची मढी चालतात, घरचं माणूस तेवढं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी एकोणीस तारीख. दहा वाजले तसा त्यांनी कॉम्प्रेसर लावला, पंखे लावले, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली जुनी घासायची मोटारही लावली. मी उठले आणि तडक मेन स्विचकडे गेले. माझा हात पोचायच्या आत ते मध्ये येऊन उभे राहिले. आवाज एवढा होता की ते माझ्या कानाशी वाकले.

"आपण गेलेल्यांसाठी उभे राहतो ना? तिला रोज ऐकू येतं मी कोणाचं नाव घेतो ते. आज तिचं घेतलं तर तिला कळेल."

मला आधी उमगलंच नाही. काय कळेल, असं मी विचारलंसुद्धा.

"तिला अजून कोणी सांगितलेलं नाही गं," ते म्हणाले. "ती कामावर येते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दाढी वाढली होती, पापण्यांवर पांढरी धूळ बसली होती.  मी जागेवर परत गेले आणि माझी मोटार होती नव्हती तेवढ्या वेगात लावली, पॉलिश करायला हातात काही नसताना. फोनवालीने काही न विचारता रेडिओ मोठा केला. मध्येच वीज गेली आणि कोणाचं बोलणं आत ऐकू गेलं तर पंचाईत नको, म्हणून दातकाका हातोडी घेऊन टाकाऊ साचे फोडत बसले, एकामागून एक, दुपारपर्यंत.

शेवटी शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला कानावर हात ठेवून दारात आला. आज एवढं काय विशेष आहे, असं त्याने ओरडून विचारलं. भाओजींनी मान वर केली नाही, म्हणून मीच उठून दारापाशी गेले.

"काही नाही," मी म्हटलं. "आज काहीसुद्धा घडलेलं नाही."